जुलैत एकट्याने फ्रान्स: पॅरिसला टांग मारू का?

चष्मेबहाद्दर
राम राम मंडळी. जुलैत फ्रान्सला चाललोय. एकटाच. बायकोला परदेशातलं ऊन बघायला पैसे घालवायचे नाहीत आणि मला झेंड्यामागून पळवणारी टूर सोसत नाही, त्यामुळे घरात लगेच एकमत झालं. व्हिसा हातात आहे, मुंबई-पॅरिस-मुंबई तिकीट काढलंय, मधलं सगळं कोरं.

माझं मत असं की पॅरिस सरळ गाळावं. आयफेलसमोर हात पसरलेले फोटो इतके बघितलेत की माझा काढायचं कारणच उरलं नाही. त्याऐवजी दक्षिणेकडे सरकावं, छोट्या गाड्यांनी फिरावं, गाव आवडलं तर राहावं, नाही आवडलं तर पुढची गाडी. ऑफिसात हे बोललो तर एका सहकाऱ्याने हातातला चहा खाली ठेवला.

वय पन्नाशीपार, गुडघे शाबूत, फ्रेंच शून्य. अंडी-मासे चालतात, बीफ-पोर्क नको. बजेट मध्यम, म्हणजे कंजूष. तर पॅरिस गाळणं हा शहाणपणा की माज? आणि गाळलं तर जावं कुठे?

ताकभात
आधी फोटो टाकायचं वचन द्या, मग सल्ले.

रुळावरून
चष्मेबुवा, गाळायचंच असेल तर विमानतळापासूनच गाळता येतं. शार्ल द गोलच्या टर्मिनल २ खालीच टीजीव्हीचं, म्हणजे वेगवान गाड्यांचं, स्टेशन आहे. तिथून ल्यों, अविन्यों, मार्सेय अशा थेट गाड्या सुटतात. ल्यों दोन तासांत. पॅरिस शहराचं तोंडही बघायला नको.

फक्त टीजीव्हीचं आरक्षण आधी करा. बुकिंग काही महिने आधी उघडतं आणि दिवस जवळ येतील तसं भाडं चढतं. रेल्वेचा पाससुद्धा असला तरी टीजीव्हीत सीटचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्या. टीईआर म्हणजे प्रादेशिक गाड्या हा तुमचा खरा माल. आरक्षण नाही, भाडं बहुतेक ठिकाणी ठरलेलं. चुकली तर पुढची.

वेळ असेल तर क्लेर्मों-फेराँ ते नीम ही सेव्हनोल लाइन करा. पाचेक तास, शंभराच्या वर बोगदे, आल्ये नदीची घळ. दिवसाला गाड्या मोजक्या, म्हणून वेळापत्रक बघून. या मार्गावर मला खिडकीशेजारी बसलेल्या माणसाचा हेवा वाटला होता, कारण तो झोपला होता.

लुगडंवाली वैनी
माज. उत्तर एका शब्दात दिलं. आता सविस्तर.

मी माझ्या सासूबाईंना घेऊन पॅरिस केलं, वय त्यांचं पंचाहत्तर. लूव्र संग्रहालयात त्या मोनालिसासमोरच्या गर्दीकडे पाठ करून समोरच्या भिंतीवरचं वेरोनेजेचं ते अवाढव्य लग्नाच्या पंगतीचं चित्र बघत बसल्या आणि पंगतीत वाढपी किती, पाहुणे किती याचा हिशेब लावला. हे दुसऱ्या कुठल्या गावात मिळणार? नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली २०१९ मध्ये, डिसेंबर २०२४ ला परत उघडलं, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि दगड इतका उजळलाय की जुन्या फोटोंशी ओळख पटत नाही. तुम्ही तिथे उतरून तसेच पुढे जाणार? बरं आहे.

उंटावरचा शहाणा
वैनी, लूव्रचं तिकीट आता युरोपाबाहेरच्यांना ३२ युरो झालंय, जानेवारी २०२६ पासून. कंजूष माणसाला हे आधी सांगायला हवं. मंगळवारी लूव्र बंद, सोमवारी ओर्से संग्रहालय बंद. मी मंगळवारी पोचलेल्यांची तोंडं ओर्सेच्या रांगेतून बघितली आहेत.

गारोनकाठ
मी तुलूझला राहतो, नोकरीनिमित्त, बरीच वर्षं. दोन्ही पक्षांवर थंड पाणी ओततो. थंड शब्द मुद्दाम.

जुलैत दक्षिण फ्रान्स म्हणजे भट्टी. जून २०१९ मध्ये मोंपेलियेजवळच्या एका गावात पारा ४६ वर गेला होता, हा देशाचा विक्रम. आपल्याला वाटतं विदर्भात वाढलो, आपल्याला काय. पण विदर्भात कूलर असतो. इथे स्वस्त हॉटेलांत पंखाही असेलच असं नाही. खोली घेताना ‘क्लिम’, म्हणजे एसी, आहे का विचारा. नसेल तर सकाळी सूर्य वर यायच्या आत खिडक्यांची लाकडी झडपं बंद करा आणि रात्रीच उघडा. शेजारची म्हातारी हेच करते, आणि दुपारी तिचं घर माझ्यापेक्षा गार असतं.

दुसरं, जेवणाची वेळ. बारा ते दोन. दोनला दहा कमी असताना गेलात तर मालक घड्याळाकडे बघतो, तुमच्याकडे नाही. संध्याकाळी सातच्या आधी स्वयंपाकघर थंड. लहान गावात रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, बसही बहुधा नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाव, चीज, टोमॅटो, पीच घेऊन ठेवायचं. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’, मग कामाचं. हे चुकलं तर चांगली बाईही खवट होते.

आणि चौदा जुलै, म्हणजे इथला राष्ट्रीय दिवस, कुठे घालवणार ते आत्ताच ठरवा. त्या आठवड्यात खोल्यांची बोंब.

ताकभात
म्हातारीचा फोटो पण टाका.

इतिहासवेडा
पॅरिसचं जाऊ दे, मार्सेय गाळू नका, तेही जुलैत. ८ जुलै १९१०. सावरकरांना घेऊन चाललेली मोरिया बोट मार्सेयच्या बंदरात होती. शौचकुपाच्या खिडकीतून उडी, पोहून धक्का गाठला, फ्रेंच शिपायाने पकडलं आणि ब्रिटिशांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस असा परत देता येतो का, यावरून खटला थेट हेगच्या लवादापर्यंत गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने. पॅरिसहून मादाम कामांनी फ्रेंच वर्तमानपत्रांत हे प्रकरण लावून धरलं होतं.

त्याच शहरात माझार्गचं युद्ध स्मशान आहे, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे आहे. १९१४ मध्ये आपल्या पलटणी याच बंदरात उतरल्या होत्या. पुढे उत्तरेला नव्ह-शापेलला भारतीयांचं मोठं स्मारक आहे, बेपत्ता झालेल्या ४,७०० हून जास्त जणांची नावं कोरलेली. ते तुमच्या वाटेवर नाही, पण माहीत असावं.

खवचट काका
आता सावरकर आले म्हणजे धागा पाचशे प्रतिसादांवर जाणार.

पिंपळपान
माझं या विषयावर वेगळं मत आहे आणि ते मी

संपादक मंडळ
पिंपळपान, ते मत वेगळ्या धाग्यावर. इथे प्रवास चालू आहे. यानंतरचे चार प्रतिसाद हलवले आहेत.

खवचट काका
चारच? उत्साह कमी झालाय मंडळींचा.

भाकरतुकडा
खाण्यावर कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून आलो.

बीफ-पोर्क नको म्हणणाऱ्याने कीश लोरेन बघून ‘अंड्याची पोळी दिसते’ म्हणून घेऊ नये, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच. नीसची पिसालादियेर म्हणजे कांद्याची पातळ पोळी, वर अँचोव्ही मासे. मासे चालतात म्हणता, मग चैन आहे. ब्रतान्यातला गालेत बकव्हीटचा, म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूचा. आत अंडं आणि चीज सांगा, हॅम नको म्हणून ठासून सांगा. शाकाहारी आहे म्हटल्यावर सॅलडवर ट्यूना घालून आणणारे अजून भेटतात.

आणि नीसला सोक्का. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या गोल परातीत घालून लाकडाच्या भट्टीत करपेपर्यंत भाजतात, वर मिरपूड. जुन्या गावात कागदावर तुकडे तोडून देतात.

शेवंती
भाकरतुकडा, एवढं फ्रेंच नाव लावून बेसनाचं धिरडंच विकताय की.

भाकरतुकडा
धिरड्याला कोथिंबीर असते. इथे नाही. तेवढ्यासाठी मी खिशात तिखट ठेवतो.

गारोनकाठ
पाण्याचे पैसे देऊ नका हेही लिहा. ‘काराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी भांड्यात भरून फुकट देतात. टिपही सक्तीची नाही, बिलात सेवा धरलेली असते.

सोलापुरी चादर
बाईमाणूस एकटी असेल तर? प्रश्न चष्मेबुवांचा नाही, माझा आहे. मुलगी पुढच्या वर्षी जायचं म्हणते.

लुगडंवाली वैनी
@सोलापुरी चादर, खुशाल जाऊ द्या. उन्हाळ्यात जूनअखेरीस पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडातच सगळं उरकतं. धोका खिशाला जास्त. साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधायला येतात, हात खिशात ठेवून चालत राहायचं. पायाशी ‘सापडलेली’ सोन्याची अंगठी दाखवणारे, बहिऱ्या-मुक्यांच्या नावाने सह्या मागणारे, सगळ्यांना एकच उत्तर: न थांबणं. मेट्रोच्या दाराशी मोबाइल हातात धरून उभं राहायचं नाही.

पायवाट
एकट्याने जाणाऱ्यासाठी फ्रान्समधली सगळ्यात सोयीची गोष्ट अजून कुणी सांगितली नाही. ल प्वी-आँ-व्हले नावाचं गाव आहे, ल्योंहून सेंतेत्येनमार्गे टीईआरने, लुआर नदीच्या काठाकाठाने जाते गाडी. ज्वालामुखीच्या सुळक्यावर बांधलेलं देऊळ, म्हणजे चर्च, तिथे आहे. स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट या गावातून निघते. वाटेचा क्रमांक जीआर ६५. सकाळी सातला कॅथेड्रलमध्ये वाटसरूंना आशीर्वाद देतात, मग दरवाजा उघडतो आणि पायऱ्या उतरून लोक चालायला लागतात. धर्म कुणी विचारत नाही.

संपूर्ण करायची गरज नाही. काँक गावापर्यंत दोनशेएक किलोमीटर, पण दोन-तीन टप्पे चालून गाडी पकडणारेही पुष्कळ. वाटेत ‘जीत’ असतात: खोलीत काही खाटा, रात्री एकाच लांब टेबलावर सगळ्यांचं जेवण, सकाळी नाश्ता, सगळं मिळून साधारण पन्नास युरोंच्या आसपास. एकट्याने हॉटेलात जेवण्याचा कंटाळा तिथे येतच नाही, कारण शेजारच्याला तुमच्या ताटात ब्रेड टाकायचाच असतो. ओब्राकच्या पठारावर उंची हजार मीटरच्या वर, त्यामुळे गारोनकाठांची भट्टीही टळते. तिथे आलिगो खा, बटाटा आणि ताजं चीज घोटून केलेला, पळीतून हातभर तार निघते.

आता कुणी वारीचं नाव काढायच्या आत सांगते: इथे टाळ नाही, भजन नाही, दिंडी नाही. लोक बहुतेक गप्प चालतात आणि जेवताना बोलतात.

खवचट काका
पायवाटबाईंनी कुणी काही बोलायच्या आतच तोंड बंद केलं. माझा टंकलेला परिच्छेद वाया गेला.

चष्मेबहाद्दर
ल प्वी! तिथल्या हिरव्या मसुराची ख्याती ऐकली होती, म्हणजे वरणाची सोय झाली. यादी अशी दिसतेय: विमानतळावरून ल्यों, ल प्वी, थोडं चालणं, सेव्हनोल लाइनने नीम, मग अविन्यों, मार्सेय, नीस. वैनींना नमस्कार, पण पॅरिस अजून बाहेरच.

रंगपीठ
अविन्यों जुलैत!! थांबा, थांबा. जुलैत तिथे नाट्यमहोत्सव असतो. १९४७ मध्ये ज्याँ व्हिलारने पोपच्या राजवाड्याच्या अंगणात सुरू केलेला. चौदाव्या शतकात पोप रोममध्ये नसून इथे राहत होते, त्यांचाच तो वाडा. महोत्सवाबरोबर ‘ऑफ’ चालतो, म्हणजे गावातल्या गल्ल्या, शाळा, गॅरेज, जागा मिळेल तिथे प्रयोग, आणि प्रत्येक खांबाला, कुंपणाला, खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेली पोस्टरं. नट रस्त्यावर पोशाखात पत्रकं वाटत फिरतात आणि तुम्ही येणार म्हणेपर्यंत हात सोडत नाहीत. १९८५ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुकने महाभारत याच महोत्सवात केलं, गावाबाहेर बुल्बोंच्या दगडखाणीत. नऊ तासांचा प्रयोग, रात्रभर चालून उजाडताना संपणारा. द्रौपदी मल्लिका साराभाई. बालगंधर्वला दोन तासांच्या नाटकात मोबाइल तपासणाऱ्या प्रेक्षकांना तिथे पाठवायला हवं.

राहायला मात्र अविन्योंत खोली शोधू नका. आर्ल किंवा नीमला राहा, टीईआर आहे. आर्लला शनिवारी बाजार भरतो, तो सोडू नका.

शेवंती
दोन तासांच्या नाटकात मोबाइल तपासतात कारण पहिला अंक दीड तासाचा असतो.

रंगपीठ
वेगळा धागा काढतो.

उंटावरचा शहाणा
लव्हेंडर कुणीच म्हणालं नाही हे नवल. व्हालाँसोलचं पठार जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर कापणी, म्हणजे तुम्ही उशिरा गेलात तर कापलेल्या ताटांचे फोटो. गाडी चालवत नसाल तर तिथे पोचणं कटकटीचं. वास मात्र मार्सेय स्टेशनच्या साबणाच्या दुकानातही येतो.

सोलापुरी चादर
म्हणजे लव्हेंडरसाठी दुकान पुरे?

उंटावरचा शहाणा
माझ्यापुरतं पुरे होतं. बायकोपुरतं नव्हतं.

रुळावरून
मार्सेय ते नीस टीईआरने जाताना उजवीकडे बसा. सें-राफाएल सोडलं की एस्तरेलचे लाल खडक आणि खाली समुद्र, कान शहरापर्यंत. डावीकडे बसलात तर शेजाऱ्याची मान दिसते.

कुंचला
नीसपर्यंत जाताय तर मेंतोंच्या डोंगरात गोर्बियो आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा उन्हाळे तिथे काढायचे. नागपूरच्या कला विद्यालयात शिकले, मग मुंबईत जेजे, १९५० मध्ये फ्रान्सला गेले ते साठ वर्षं राहिले. गाव एवढंसं आहे: चौकात एक झाड, कारंजं, दगडी गल्ल्या. तिथे काही ‘बघण्यासारखं’ नाही. दुपारी बसायला जागा आहे, तेवढंच.

चष्मेबहाद्दर
मंडळी, नीमहून लिहितोय. मधले दिवस धाग्याकडे फिरकलो नाही, कारण जीतमध्ये वायफाय होता पण टेबलावरून उठू देत नव्हते.

पायवाटबाई, टप्पे चाललो. पहिल्या रात्री टेबलावर एक निवृत्त बेल्जियन सुतार, लिलच्या दोन नर्स आणि एक जर्मन मुलगा. भाषा कुणाचीच जुळेना. मी खिशातून शेंगदाण्याची चटणी काढली आणि प्रश्न मिटला. सुताराने ती आलिगोवर घातली. पाककलेच्या दृष्टीने हा गुन्हा असेल, पण त्याने दुसऱ्यांदा मागितली.

वाटेत एका गावात तेरा जुलैची रात्र मिळाली. इकडे चौदा तारखेच्या आदल्या रात्री अग्निशामक दलाचे जवान नाच ठेवतात, बाल दे पाँपिये. बंबाच्या गॅरेजमध्ये दिव्यांच्या माळा, अकॉर्डियन, बिअर, आणि ऐंशीच्या आज्या जवानांबरोबर. मला एका आजीने ओढलं. मी गणपती विसर्जनाला येतं तेवढंच नाचतो, ते तिथे वॉल्ट्झवर केलं. कुणी हरकत घेतली नाही. आजीने शेवटी गालावर तीनदा मुके घेतले, त्या भागात तीन असतात म्हणे.

पों दु गार बघितला. रोमनांचा पाण्याचा पूल, पहिल्या शतकातला, तीन मजली, ४९ मीटर उंच. खाली गारदों नदीत अर्धं गाव डुंबत होतं. मीही उतरलो. डोक्यावर दोन हजार वर्षांचं बांधकाम आणि चष्मा कुठे ठेवावा ही चिंता.

ताकभात
फोटो?

चष्मेबहाद्दर
वॉल्ट्झचा एक आहे. बायकोला पाठवला आहे, परवानगी आली की इथे टाकतो.

गारोनकाठ
झडपं लावताय ना?

चष्मेबहाद्दर
लावतोय. दुपारी अंधारात पडून धागा वाचतोय.

लुगडंवाली वैनी
परतीचं विमान पॅरिसहूनच आहे ना? मग शेवटचे दोन दिवस शहरात काढायला काय हरकत आहे? आयफेलवर चढू नका, लूव्रला जाऊ नका. सेन नदीत पोहा. १९२३ पासून बंदी होती, २०२५ च्या जुलैपासून तीन ठिकाणी लोकांना पोहायला उघडलंय, फुकट. संध्याकाळी ला शापेल भागात जाऊन डोसा खा, तमिळ दुकानं आहेत सगळी, कढीपत्तासुद्धा मिळतो.

इतिहासवेडा
आणि पेर लाशेज दफनभूमी. जेआरडी टाटांची समाधी तिथे आहे. जन्म पॅरिसचा, १९०४, आई फ्रेंच. लहानपणी उन्हाळ्यात खाडीकिनारी आर्दलोला जायचे, शेजारी ब्लेरियोचं घर, इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तोच. पुढचं विमानवेड तिथलं.

चष्मेबहाद्दर
पॅरिसहून, मुक्काम पोस्ट ला शापेल. वैनींचा शब्द राखला. मार्सेय आणि नीस झालं, गोर्बियोला झाडाखाली बसलो, सोक्का दोनदा खाल्ला (तिखट घालून, धन्यवाद भाकरतुकडा). मार्सेयच्या धक्क्यावर उभा राहिलो, पाण्याकडे बघून उडीचा अंदाज घेतला आणि बंदरातल्या बोटींची उंची बघून गप्प बसलो.

पेर लाशेजला टाटांची कबर शोधताना एक फ्रेंच गृहस्थ भेटले. त्यांना मी टाटा कोण ते सांगितलं, त्यांनी मला त्यांच्या बाजूच्या सगळ्या कबरी दाखवल्या. दोन तास गेले. नदीत पोहलो नाही, रांग मोठी होती, पण काठावर पाय सोडून बसलो. आयफेल लांबून दिसतो. दिसायचं टाळताच येत नाही. वर तिकीट खिडकीवर यूपीआय चालतं असं ऐकून क्षणभर हात शिवशिवला.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर: पॅरिस ठीक आहे. दोन दिवस पुरे.

लुगडंवाली वैनी
‘ठीक’???

खवचट काका
वैनींना पाणी द्या कुणीतरी. काराफमधलं.

नवा गडी
नमस्कार, आजच सभासद झालो. धागा पूर्ण वाचला. सप्टेंबरमध्ये बायको आणि दोन मुलांसोबत फक्त पॅरिस करायचं आहे. किती दिवस ठेवू?

चष्मेबहाद्दर
वैनी, तुमचं गिऱ्हाईक आलं.